मुसाफिर नाही

दुर्भाट ते रासय, रासय ते दुर्भाट.
पाळीत तीस फेऱ्या.
दोर फेकायचा, फळी सोडायची,
आधी गाड्या उतरवायच्या, मग माणसं –
होतं नेहमी उलटंच.

मौलवी नसरुल्लांना मी पहिल्यांदा विचारलं ते हे:
मी सफरीत धरला जातो का?
म्हणजे चारच्या जागी दोन रकात,
आणि रोजा पुढे ढकलायची मुभा.
हिशेब मांडूनच गेलो होतो, तिकिटांच्या कोऱ्या पाठीवर:
फेरी किलोमीटरभर, दिवसाला तीस,
चार महिन्यांत मक्का.

मौलवी कातरीने मिशी बारीक करत होते.
म्हणाले, अंतर एका दिशेचं लागतं, बाबा,
आणि वेस मागे पडावी लागते.
तुझ्या मागे रोज तोच माड उभा.
चार रकात. पुऱ्या.

पुऱ्याच केल्या. इंजिनाच्या खोलीमागे,
डिझेलच्या पिंपाआड, ताडपत्रीच्या तुकड्यावर.
शाणू गांवकर तेवढा वेळ माझाही दोर सांभाळी.

बोट वळते, किब्ला वळत नाही,
तर नमाजीने वळावं – हाही त्यांचाच जबाब.
रासयच्या धक्क्याजवळ ओहोटी बोटीचं नाक फिरवते
आणि उभ्या उभ्या मी अंगठ्यावर सरकतो.
शाणू म्हणायचा, होकायंत्र झालास रे तू.
एकदा मी चुकलो.
तो जोरात खाकरला. हात समुद्राकडे.

विचारत गेलो. दर जुम्म्याला एक.
झुआरीच्या खाऱ्या पाण्याने वजू?
होतो.
डिझेलचा धूर घशात गेला तर?
ओढलास का मुद्दाम? नाही ना. मग रोजा शाबूत.
दोराचं ग्रीस?
इथे ते थांबले. माझे हात खिडकीशी नेले,
नखांच्या कडा अंगठ्याने खरवडून पाहिल्या,
सोनार पाहतो तशा.
रंग राहिला तर चालेल. थर राहिला तर नाही.
थराखाली पाणी पोचत नाही.

त्या सालांत रमजान नाताळात यायचा.
लोटलीची कोन्सेसांव बाय,
फोंड्यात मुलींना शिवण शिकवायची,
तिने डब्याचं झाकण उघडलं, घे रे.
घेतला. दोदोलचा तुकडा, गुळाने काळा,
खोबऱ्याच्या तेलाने चकचकणारा.
गिळून झाल्यावर आठवलं.
तोंड धुतलं, थुंकलो, पुन्हा धुतलं.
ती बिचारी घाबरून विचारते,
नारळ खवट होता काय?

मौलवी हसले, पहिल्यांदाच दात दिसले.
विसरून खाल्लंस ना? मग रोजा तुटला नाही.
ते अल्लाने तुला खिलवलं.
मी म्हटलं, डबा कोन्सेसांव बायचा होता.
म्हणाले, मग तिलाही सांग.
मी तिला सांगितलं नाही. लाजलो.

मौलवी गेले. नवे आले, शिकलेले, फोनवरच जबाब देतात.
माझ्याकडे त्यांचा नंबर आहे.

यंदा मार्चमध्ये कोन्सेसांव बायला
फोंड्याच्या इस्पितळातून लोटलीला नेलं, माझ्याच फेरीने.
शववाहिका बिघडलेली, पेटी टेम्पोत.
भरती चढलेली, वारा उलटा, टेम्पोचं हूक सैल.
मी एका बाजूने पेटी धरली, शाणू दुसऱ्या.
धक्का लागेना. दोनदा मागे आलो.
सूर्य बोरीच्या अंगाला लालसर होत गेला
आणि असरची वेळ माझ्या डोळ्यांदेखत बुडाली.

विसरलो नव्हतो.
हेच तर विचारायचं होतं.

रात्री घरी कजा पढलो, चार रकात, पुऱ्या.
त्याआधी बादलीशी बसून हात घासले,
रॉकेलने, मग साबणाने, मग राखेने.
पेटीचं वार्निश ओलं असावं.
अजून बोटांना चिकटतं आहे की नुसता रंग आहे,
दिव्याखाली धरून पाहतो.
कळत नाही.